एकाचं तण, दुसऱ्याचं अन्न

माली देशात पाऊस सप्टेंबरअखेर सरतो आणि पूर त्यानंतर येतो. नायजर नदीचा उगम दूर नैऋत्येला, गिनीच्या डोंगराळ मुलखात. तिथे जून ते सप्टेंबर कोसळलेलं पाणी सावकाश उतरत मोप्तीच्या आसपासच्या सपाट मैदानात पसरतं, तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडलेला असतो. आणखी उत्तरेला, तिंबक्तूच्या बाजूला, तेच पाणी डिसेंबर-जानेवारीत पोचतं. आभाळात ढगाचा मागमूस नाही, वारा वाळवंटाचा, आणि नदी मात्र चढते आहे. समुद्र अजून फार लांब असताना, सहाराच्या तोंडाशीच ही नदी फुटून असंख्य फाट्यांनी पसरते, म्हणून या प्रदेशाला नायजरचा अंतर्गत त्रिभुज प्रदेश म्हणतात. चांगल्या पावसाच्या वर्षी इथे वीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक जमीन पाण्याखाली जाते. आपल्या पुणे जिल्ह्याच्या क्षेत्रफळाहून हे जास्त झालं.

या पुराचं वेळापत्रक ज्याला साधलं तेच गवत इथे टिकतं. पहिल्या सरींबरोबर रुजायचं, पाणी चढेल तशी काडी लांबवायची, लोंबी पाण्याच्या वर ठेवायची आणि पाणी ओसरायच्या बेताला दाणे चिखलात सोडायचे. हे साधलेल्या गवतांमध्ये भाताच्या दोन रानटी जाती आहेत. त्या न पेरता, न लावता उगवतात, आणि माणसांनी त्या हजारो वर्षं खाल्ल्या आहेत. तांदळाची गोष्ट सांगताना आपण बहुधा चीन, गंगेचं खोरं, कोकण असे फिरतो. आफ्रिकेत तांदूळ परक्यांनी नेला असेल, असंच अनेकांना वाटतं. युरोपीय अभ्यासकांनाही फार काळ तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात आफ्रिकेचा तांदूळ आफ्रिकेतच, तिथल्याच रानभातातून घडला. आशियातल्या शेतकऱ्यांनी त्यांचा भात घडवला, त्याच्याशी याचा काही संबंध नव्हता. इब्न बतूता 1352-53 मध्ये माली साम्राज्यातून फिरला, तेव्हा वाटेवरच्या गावांतल्या बाया दूध, कोंबड्या, बाजरी यांच्याबरोबर तांदूळही विकायला आणत होत्या, आणि तोवर त्या तांदळाला तिथे दीड हजार वर्षं तरी होऊन गेली होती.

त्या दोन जातींपैकी पहिली ओरायझा बार्थी. ही एका हंगामाची. पावसाळी तळ्यांत, डबक्यांत, पूर ओसरताच सुकून जाणाऱ्या खोलगट जागांत उगवते, दाणे टाकते आणि मरते. उंची साधारण कंबरेपासून खांद्यापर्यंत, काडी मऊ, आत स्पंजासारखी. मॉरितानिया-सेनेगलपासून चाड-सुदानपर्यंत, सहाराच्या दक्षिण कडेने ही आढळते आणि पुढे दक्षिणेलाही काही भागांत उतरते. दुसरी ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा. ही बहुवर्षायू आहे. जमिनीखाली हिची आडवी खोडं पसरतात, आणि वरचं सगळं वाळलं तरी पुढच्या पाण्याला त्या खोडांतून नवे कोंब फुटतात. वाढली की माणसाच्या डोक्यावर जाते. हिला स्वतःचा पराग चालत नाही, शेजारच्या रोपाचा लागतो. म्हणून फुलांतले परागकोश लांब आणि दाणे मात्र कमी.

बार्थीची एक लोंबी जवळून पाहण्यासारखी आहे. दाणा जेमतेम सेंटिमीटरभर, आणि त्याच्या टोकाला कुसळ दहा-पंधरा सेंटिमीटर, कधी त्याहूनही लांब. ताठ, राठ. या कुसळावर अतिशय बारीक दात असतात आणि ते सगळे टोकाकडे वळलेले. बोट दाण्याकडून टोकाकडे नेलं तर ते गुळगुळीत लागतं, टोकाकडून दाण्याकडे आणलं तर खरखरतं. त्यामुळे गळालेला दाणा चिखलात पडला की तो फक्त एकाच दिशेला सरकू शकतो, बुडाच्या बाजूने खाली. वाऱ्याने कुसळ हललं की दाणा आणखी थोडा आत जातो, मागे येत नाही. जनावराच्या केसांत अडकला तर त्याच युक्तीने तिथेही टिकून राहतो आणि पुढच्या डबक्यापर्यंत पोचतो. तूस काढलं की आतला तांदूळ तांबूस निघतो.

आता गळण्याची गोष्ट, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. प्रत्येक दाण्याच्या देठाशी पेशींचा एक पातळ पडदा असतो. दाणा भरत आला की या पडद्यातल्या पेशी एकमेकींना सोडायला लागतात, आणि नुसत्या धक्क्याने, वाऱ्याच्या झुळकेने, पाखरू बसल्यानेही दाणा सुटून पडतो. शिवाय एकाच लोंबीतले सगळे दाणे एकदम पिकत नाहीत. टोकाचे आधी, बुडाचे मागून. गवताच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था आहे: एका दिवशी गुरांचा कळप आला तरी सगळं बी त्याच्या तोंडी जात नाही. वेचणाऱ्याला मात्र यातून वाट काढावी लागते. लवकर गेलात तर दाण्यात दूध, उशिरा गेलात तर सगळं चिखलात.

त्यावर आफ्रिकेत निघालेला तोडगा साधा आणि फार जुना आहे. विळा वापरायचाच नाही. बाई टोपली किंवा सुकवलेल्या भोपळ्याचं मोठं भांडं हातात घेऊन उभ्या गवतातून चालते आणि ते भांडं लोंब्यांच्या रांगेवरून झोक्याने फिरवते. जे दाणे पिकून सुटायला आले आहेत ते भांड्याच्या कडेला आपटून आत पडतात. जे हिरवे आहेत ते जागीच राहतात. थोड्या दिवसांनी त्याच जागेवर पुन्हा फेरी. पाणी खोल असेल तर हेच काम डोणीतून. काही भागांत पिकायच्या आधीच लोंब्यांच्या जुड्या एकत्र बांधून ठेवतात. त्यामुळे दाणे कमी सांडतात, आणि ही जागा कोणाच्या तरी हक्काची आहे हेही इतरांना कळतं. मग घरी आणून वाळवणं, कुसळं झाडणं, लाकडी उखळात कांडणं, सुपासारख्या पसरट भांड्यात पाखडणं. जवळजवळ सगळं काम बायकांचं. शिजवून त्याचा भात होतो, भरडून पेज होते. जिथे भरपूर मिळतो तिथे तो घरापुरता न राहता आठवडी बाजारातही येतो. सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातल्या गावांत रानगवतांची अशी अनेक धान्यं खाल्ली जातात, आणि त्यांतली कित्येक मिसळूनच गोळा होतात. पण पाणथळीतला मान रानभाताचा.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी आफ्रिकेतल्या या रानधान्यांवर फार बारकाईने लिहिलं आहे. रानधान्य वेचणं म्हणजे दुष्काळात नाइलाजाने करायची गोष्ट, असं शहरी माणसाला वाटतं. दुष्काळात ते जीव वाचवतं हे खरंच आहे. 1970च्या आणि 1980च्या दशकांत साहेलने जे दुष्काळ पाहिले त्यांत रानगवतांच्या दाण्यांवर असंख्य घरं तगली. पण हार्लन यांच्या नोंदींतून दिसतं ते वेगळं: चांगल्या वर्षांतही लोक हे धान्य गोळा करत होते, साठवत होते, विकत होते. ही आपत्कालीन सोय नव्हती, व्यवस्थित चालणारा व्यवहार होता.

आपल्याकडे याचा एक धागा सापडतो. कोकणात पाणथळ जागी आपोआप उगवणाऱ्या रानभाताला देवभात म्हणतात. तो बार्थीचा आशियातला चुलतभाऊ. दोघांच्या पेशीत गुणसूत्रांचा संच एकाच प्रकारचा, आणि दोघांची दाणे गाळायची खोड तीच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही ही आपली रीत, आणि न नांगरता उगवलेल्या धान्याला त्या दिवशी मोल येतं. फरक इतकाच की आपल्याकडे ते वर्षातून एका दिवसाचं व्रत उरलं. चाड आणि मालीत मात्र ते रोजचं अन्न म्हणून फार पुढपर्यंत चालत आलं.

झोक्याने दाणे झाडून घेण्याच्या पद्धतीचा एक परिणाम मला विलक्षण वाटतो. टोपलीत पडतात ते सहज गळणारे दाणे. समजा हजारो रोपांत एखादं असं निघालं की त्याचे दाणे गळतच नाहीत. विळ्याने कापणाऱ्याच्या हाती नेमकं तेच रोप जास्त लागेल, कारण बाकीच्यांचे दाणे वाटेतच सांडलेले असतील. त्यातलं बी त्याने पुढच्या वर्षी पेरलं की न गळणारी रोपं वाढत जातील, आणि काही शतकांत रानभाताचा शेतभात होईल. पण टोपली फिरवणाऱ्या बाईच्या हाती ते न गळणारं रोप लागतच नाही. तिचे दाणे कायम गळणाऱ्या रोपांचे. म्हणजे या पद्धतीने माणूस कितीही पिढ्या रानभात खाऊ शकतो आणि रानभात तरीही रानभातच राहतो. वेचणं ही शेतीच्या आधीची अर्धीकच्ची पायरी, असं आपण शाळेत शिकतो. इथे तसं दिसत नाही. ती स्वतःच्या पायावर उभी असलेली पद्धत होती, आणि शेती शेजारी आली तरी ती सुरू राहिली.

याचा पुरावा जमिनीतून निघाला आहे. ईशान्य नायजेरियात, चाड सरोवराच्या दक्षिणेला, काळ्या चिकणमातीची विस्तीर्ण मैदानं आहेत. पावसाळ्यात ती पाण्याने भरतात आणि उन्हाळ्यात त्यांना भेगा पडतात. तिथल्या कुर्सकाता या टेकाडावर जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम केलं आणि जळालेले दाणे चाळून काढले. त्यांत लागवडीची बाजरी होती आणि तिच्या जोडीला रानभात होता. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात ही माणसं बाजरी पेरत होती आणि तरीही पाणथळीत जाऊन रानभात आणत होती. बाजरी उंचवट्यावर, भात खोलगटात. एकाचा हंगाम फसला तर दुसऱ्याचा आधार. इथेच सांगून टाकतो की आपल्या नगर-बीडकडची बाजरी मूळची याच पट्ट्यातली. मालीच्या उत्तरेला तिलेम्सी नदीच्या कोरड्या खोऱ्यात तिच्या लागवडीचे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे ठसे सापडले आहेत. आपल्या भाकरीचं माहेर आफ्रिका आहे, ही गोष्ट आपल्याकडे हवी तितकी सांगितली जात नाही.

तरीही कुठेतरी, कोणीतरी रानभात पेरायला आणि कापायला सुरुवात केली. मालीतल्या जेने शहराजवळ जेने-जेनो नावाचं जुनं टेकाड आहे. सुझन आणि रॉडरिक मॅकिंटॉश या दांपत्याने 1977 मध्ये आणि पुन्हा 1981 मध्ये तिथे खोदकाम केलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास वसलेलं ते गाव पुढे मोठं शहर झालं, आणि त्याच्या अगदी खालच्या थरांतही लागवडीचा आफ्रिकी तांदूळ होता. या तांदळाचं शास्त्रीय नाव ओरायझा ग्लॅबेरिमा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ रोलाँ पोर्तेर यांनी त्याआधीच, शेतांतल्या वाणांची विविधता पाहून, याचं मूळ नायजरच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशात असावं असं मांडलं होतं.

पुढची माहिती जनुकांनी दिली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लागवडीच्या आणि रानटी मिळून 246 रोपांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यातून दिसलं की बार्थीची संख्या दहा हजार वर्षांपूर्वीपासून हळूहळू घटत होती आणि सुमारे 3400 वर्षांपूर्वी तिने तळ गाठला. सहारा हिरवा होता तेव्हा तिथे तळी होती, तळ्यांत रानभात होता. पाऊस मागे हटला, तळी आटली, रानभात आक्रसला. ज्यांच्या जेवणात तो होता त्यांच्यापुढे मग दोनच वाटा होत्या, तो सोडायचा किंवा तो स्वतः लावायचा. लागवडीच्या आफ्रिकी भाताची सुरुवात याच काळात होते, हा योगायोग नसावा असं त्या अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. टंचाईने शेती घडवली, सुबत्तेने नव्हे. लागवड एकाच ठिकाणी सुरू झाली की पश्चिम आफ्रिकेत अनेक ठिकाणी, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

न गळणारा दाणा आफ्रिकेत कसा आला, हेही आता कळलं आहे. गळण्याशी संबंधित एक जनुक आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या दोन्ही भातांत बदललेलं आहे, पण बदल वेगवेगळे आहेत. आफ्रिकेतल्या भातात त्या जनुकाचं एकच अक्षर बदललं आणि त्याचं काम मध्येच थांबलं. दाणा देठाला धरून राहायला लागला, पण त्याच बदलाने दाणा आकाराने लहानही झाला. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोन खंडांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट साधली, आणि आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी त्यासाठी दाण्याच्या आकाराची किंमत मोजली.

शेत आलं आणि रानभाताचं नशीब पालटलं. बार्थी ही ग्लॅबेरिमाची आई. कोवळेपणी दोघींची रोपं इतकी सारखी दिसतात की निंदणी करणाऱ्याला ओळखू येत नाहीत. ओळख पटते ती लोंबी आल्यावर, आणि तोवर हिने खत-पाणी खाल्लेलं असतं. कापणीच्या आधी हिचे दाणे गळून शेतात पडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतात. लाँगिस्टॅमिनाटा तर त्याहून चिवट. नांगराने तिची खोडं तुटली की प्रत्येक तुकड्यातून नवं रोप. नायजरवर फ्रेंचांनी 1932 मध्ये ऑफिस द्यु निजेर ही सिंचन योजना उभी केली. तिच्या खाचरांत या दोन्ही रानजाती शेतकऱ्याच्या मोठ्या डोकेदुखी ठरल्या. कृषी खात्याच्या पत्रकात त्यांचं स्थान तणांच्या यादीत.

पण त्याच मालीत त्या यादीशी ज्यांचा संबंध नव्हता असे लोक होते. बेला हा त्यांतला एक समाज. हे पूर्वी वाळवंटातल्या तुआरेग पशुपालकांचे गुलाम होते. जमिनीवर हक्क नाही, ठरलेलं गाव नाही, कामाच्या शोधात भटकणं. स्थिर शेतकरी जिला तण म्हणून उपटत होते ती लाँगिस्टॅमिनाटा बेला लोक अन्न म्हणून वेचत होते. गवत एकच आणि पाणीही एकच. तण की धान्य हे ठरत होतं जमीन कोणाकडे आहे त्यावरून. ज्याच्याकडे खाचर आहे त्याला रानभात नुकसान करतो. ज्याच्याकडे खाचर नाही त्याला रानभात जेवण देतो. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे.

पुढचं म्हणजे हे. 1970च्या दशकात मालीत गोळा केलेल्या या रानभाताचा नमुना ओडिशात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आला. तिथे त्याची परीक्षा झाली जिवाणूजन्य करप्यावर, ज्याला आपले शेतकरी कडा करपा म्हणतात. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग पांढुरक्या होऊन वाळतात आणि दाणा भरतच नाही. रानभाताला या रोगाचं काही म्हणजे काहीच झालं नाही. तेव्हा नमुन्यावर नाव बार्थीचं होतं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्त शेव्हालिए यांनी 1910 मध्ये जर्मन प्रवासी हाइन्रिख बार्थ यांच्या स्मरणार्थ ते नाव दिलं होतं, पण ते कोणत्या रानभाताला लागू करायचं यावर बराच घोळ होता. 1968 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या क्लेटन यांनी तो निस्तरला, तरी जुनी सवय काही वर्षं टिकली. आजच्या नावाने कटकचा तो नमुना लाँगिस्टॅमिनाटाचा.

तिथून तो फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेला. पंजाबात जन्मलेले गुरदेव सिंग खुश आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा संकर लागवडीच्या भाताशी केला, पिढ्यामागून पिढ्या निवड करत नेली आणि रोगाला अडवणारं एकच जनुक वेगळं ओळखलं. 1990 मध्ये त्याला एक्सए-21 हे नाव मिळालं. करप्याच्या जिवाणूचे अनेक प्रकार असतात आणि हे एक जनुक त्यांतल्या बहुतेकांना थोपवतं, म्हणून त्याचा एवढा गाजावाजा. 1995 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पामेला रोनाल्ड यांच्या चमूने ते जनुक वेगळं काढलं. पेशीच्या आवरणात बसून जिवाणूची चाहूल घेणारं प्रथिन ते घडवतं, हे त्यांनी दाखवलं. विद्यापीठाने त्याचं पेटंट घेतलं.

हे जनुक आज भारताच्या शेतांत आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा सुधारित पुसा बासमती-1 हा वाण 2007 मध्ये आला आणि हैदराबादचा सुधारित सांबा मसुरी 2008 मध्ये. दोन्हींत एक्सए-21 आहे, आणि दोन्ही नेहमीच्या संकर व निवडीच्या पद्धतीने तयार केलेले आहेत. सांबा मसुरी चवीला उत्तम पण करप्याला कच्चा, ही दक्षिणेतल्या शेतकऱ्यांची जुनी अडचण होती. ती सुटायला मालीतलं तण कामी आलं.

मग प्रश्न उभा राहिला की मालीला, आणि मालीतल्या त्या वेचणाऱ्यांना, काय मिळालं. पामेला रोनाल्ड यांना स्वतःलाच तो टोचला. कायद्याचे प्राध्यापक जॉन बार्टन यांच्या मदतीने 1996 मध्ये डेव्हिसला एक निधी उभारला गेला. पेटंटमधून येणाऱ्या रकमेचा वाटा त्यात जमा व्हायचा आणि त्यातून माली, फिलिपीन्ससारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यायच्या, अशी योजना. परवाने घेतलेल्या कंपन्यांनी मात्र या जनुकाचं वाण बाजारात आणलंच नाही, त्यामुळे अपेक्षित रॉयल्टी आली नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले अनिल गुप्ता, हनी बी नेटवर्कमुळे आपल्याकडे अनेकांना परिचित, यांनी 2004 च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसाठी केलेल्या अभ्यासात हे प्रकरण तपासलं. बेला लोकांचा या भाताशी असलेला संबंध सर्वदूर कळला तो अशा अभ्यासांमुळेच. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण शिष्यवृत्ती विद्यापीठापर्यंत पोचलेल्या मुलाला मिळते. पाणथळीत दाणे झाडणाऱ्या भूमिहीन बाईच्या घरातून तिथपर्यंतची वाट त्या योजनेत कुठेच आखलेली नव्हती. रॉयल्टी आली असती तरी ती वाट निघालीच असती असं म्हणवत नाही.

लाँगिस्टॅमिनाटाच्या ज्या आडव्या खोडांना शेतकरी शिव्या देत होता, त्यांनाही आता गिऱ्हाईक मिळालं आहे. चीनच्या युन्नान विद्यापीठातले हू फंगयी आणि त्यांचे सहकारी यांनी थायलंडच्या एका वाणाशी तिचा संकर करून वर्षानुवर्षं टिकणारा भात घडवला. 1990च्या दशकात सुरू झालेलं हे काम 2018 मध्ये वाणाच्या रूपाने शेतकऱ्यांपर्यंत पोचलं. एकदा लावणी केली की चार वर्षांत आठ वेळा कापणी, आणि उत्पन्न दरवर्षी लावाव्या लागणाऱ्या भाताच्या तोडीचं. 2021 मध्ये चीनमधल्या 44 हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी 15 हजार हेक्टरांवर तो लावला होता. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईचे किती दिवस यातून वाचतात, हे कोकणात किंवा मावळात ज्यांनी लावणी केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

इतकं देणाऱ्या या गवताची स्वतःच्या घरी काय स्थिती आहे, ते उत्तर कॅमेरूनच्या लोगोन नदीकाठी पाहायला मिळतं. तिथल्या पूरमैदानावर लाँगिस्टॅमिनाटा हे मुख्य गवतांपैकी एक. पूर ओसरल्यावर, बाकी मुलूख वाळलेला असताना, ती खालच्या ओलीवर पुन्हा फुटते, आणि फुलानी व शुवा अरब गुराख्यांचे कळप तिथे उतरतात. त्याच मैदानावर कोतोको मच्छीमारांची वस्ती, आणि शेजारी वाझाचं राष्ट्रीय उद्यान, जिथले हरणांचे कळपही याच हिरवळीवर जगतात. 1979 मध्ये तिथे मागा इथे बांध घातला गेला, कशासाठी तर ओलिताच्या भातशेतीसाठी. बांधाच्या पाण्यावर खाचरं भिजली, आणि खालच्या मैदानावरचा पूर घटला. रानभात आणि त्याच्या सोबतीची टिकाऊ गवतं विरळ झाली, त्यांच्या जागी लवकर वाळणारी हंगामी गवतं आली, मासळी घटली, गुराख्यांची ये-जा विस्कटली.

1994 मध्ये, आणि पुन्हा 1997 मध्ये, तिथे एक प्रयोग झाला. बांधकामांमुळे बंद पडलेले नदीचे काही फाटे मुद्दाम उघडून पूर मैदानावर परत सोडण्यात आला. कोणी बी टाकलं नाही, रोपं लावली नाहीत. पाणी आलं तशी जमिनीखाली तग धरून असलेली खोडं फुटली. पुढच्या काही वर्षांत टिकाऊ गवतांचं क्षेत्र वाढत गेलं, त्यात रानभात होता, आणि गुरांचे कळप पुन्हा त्या बाजूला वळायला लागले. मैदानाच्या सगळ्याच भागाला मात्र हे पाणी पोचलं नाही. जिथे पोचलं नाही तिथे हंगामी गवतंच राहिली.